डावीकडचा ब्रेक

"अहो, दाबून धरा तो क्लच! दारावरची बेल आहे का ती, वाजवली आणि सोडली?"

दातांचे डॉक्टर घाम पुसायला हात उचलू लागले, तसा मी त्यांचा हात धरून परत स्टिअरिंगवर ठेवला. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवतो, तिथे त्याचा हात केसभर हलत नाही. आणि इथे चौकात लाल सिग्नल दिसला की याचीच दातखीळ बसते.

सिग्नल हिरवा झाला. मी दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घालून बसले.

"बाई, पाय वर घेतलेत तुम्ही?"

"घेतले. आजपासून शेवटचे दहा धडे. आता गाडी तुमची, जीवही तुमचा."

"आणि तुमचा?"

"माझा काय, बावीस वर्षं लोकांच्या हातात दिलाय. चला आता, मागचे शिव्या घालतायत."

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची ही रीत आहे. शिकाऊ गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. पहिले वीस धडे मी तो ब्रेक वापरते, तोही इतका अलगद की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. त्याला धीर यावा म्हणून. पण शेवटचे दहा धडे पाय वर, आणि तेही त्याला दिसतील असे वर. डावीकडे कुणीतरी आहे हे माहीत असेपर्यंत माणूस रस्त्याकडे नीट बघत नाही, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकले.

दुसरी रीत मोबाईलची. गाडीत बसण्याआधी मोबाईल स्टीलच्या डब्यात आणि डबा डिकीत. हल्लीची पोरं फार कुरकुर करतात. एकाने विचारलं होतं, "बाई, सायलेंटवर ठेवला तर चालेल?" मी म्हटलं, "आणि तूच कायमचा सायलेंट झालास तर चालेल?" गुपचूप डब्यात टाकला त्याने.

माझी जीभ अशी आहे. स्कूल माझ्या धाकट्या दिराचं, म्हणजे भाऊजींचं. ते म्हणतात, वहिनी, तुमच्या तोंडामुळे गिऱ्हाईक पळतं आणि तुमच्या शिकवण्यामुळे परत येतं. आजवर दोन हजारांच्या वर माणसं शिकवली असतील मी. त्यातल्या एकीच्या वेळी मी पाय वर घेतले नाहीत आणि तिचा मोबाईलही डब्यात टाकला नाही. ती माझी मुलगी.

घरात तिला सगळे छबी म्हणतात. वय वीस, कॉलेजचं शेवटचं वर्ष. प्रयोगशाळेत तिचा हात फार चांगला, असं तिच्या सरांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. तिचे बाबा लांब नोकरीला, दोन महिन्यांतून चार दिवस येतात. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि तो मोबाईल. तिघं म्हटलं तरी चालेल. बोलणं त्या दोघांचंच जास्त.

एकदा जेवता जेवता तिने भिंतीचा फोटो काढला. नुसत्या भिंतीचा.

"काय आहे गं भिंतीत एवढं?"

"काही नाही. साखळी आहे."

मग तिने मला समजावून सांगितलं. दोन मैत्रिणींनी रोज एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. कशाचाही चालतो. पाठवत राहिलं की नावापुढे ज्योतीचं चित्र येतं आणि शेजारी दिवसांचा आकडा वाढत जातो. एक दिवस चुकला की ज्योत गेली आणि आकडा शून्य.

"हा कुणाला पाठवलास?"

"ती नाही का, शाळेतली माझी..."

"ती? तिच्याशी तर तुझं भांडण झालंय ना? आठ महिने झाले!"

"हो. बोलतच नाही आम्ही."

"मग?"

"मग काय? सहाशे चाळीस दिवस झालेत आई. मी का तोडू? तिला तोडू दे."

दोन पोरी एकमेकींचं तोंड बघत नाहीत आणि रोज न चुकता एकमेकींना भिंत दाखवतात! मला हसू फुटलं. तेव्हा मी हसले, हे कबूल करते.

पुढे हसणं सरलं. अशा साखळ्या एकोणीस होत्या. आणि साखळ्या हे नुसतं निमित्त होतं. ती न्हाणीघरात मोबाईल घेऊन जायची. रस्त्याने चालताना तिचा अंगठा चालूच असायचा. मी काही विचारलं तर "हं" म्हणायची आणि पाच मिनिटांनी विचारायची, "काही म्हणालीस का?" सहामाहीला एका विषयात गेली. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकला आणि कामावर निघून गेले.

संध्याकाळी दार उघडलं, तर ही दाराशीच जमिनीवर बसलेली. सकाळचं ताट तसंच झाकलेलं. नखं इतकी कुरतडली होती की दोन बोटांना रक्त आलं होतं.

"आई, मला कळतंय हा मूर्खपणा आहे," ती म्हणाली. "खरंच कळतंय गं. अंगाची आग होतेय नुसती. मला काही होत नाही असं दाखवायचा दिवसभर प्रयत्न केला मी. दे ना. प्लीज दे."

मी दिला. दुसरी कुणी शहाणी बाई कदाचित न देती. तिला जवळ बसवती, कुणा जाणकाराकडे नेती. मी मोबाईल हातात ठेवला आणि तिच्या चेहऱ्यावर तजेला परत आलेला बघून मलाच हायसं वाटलं.

त्यानंतर महिन्याभराने तिला गाडी शिकवायला घेतली. पहिल्याच दिवशी डबा पुढे केला, तर तिने मोबाईल छातीशी घट्ट धरला. मी म्हटलं, असू दे, मांडीखाली ठेव, पण बघायचं नाही. ती सिग्नलला बघायची. वळणावर बघायची. तिची नजर खाली गेली की गाडी पुढे सरकायची आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी थांबायची. ती मान वर करायची आणि म्हणायची, "बघ, थांबवली की नाही?"

"छान थांबवलीस," मी म्हणायचे.

विसावा धडा झाला, एकविसावा झाला. रोज ठरवायचे, उद्या पाय वर घ्यायचे. धीर झाला नाही. लोकांच्या पोरांच्या वेळी पाय आपसूक वर जायचे, हिच्या वेळी ते खाली खिळून राहायचे. लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी निरीक्षक मागच्या सीटवर आणि मी पुढे, माझ्या जागेवर. आडव्या गल्लीतून एक सायकलवाली आली. छबीचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. मी ब्रेक दाबला. निरीक्षकांनी वहीत बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "वा, शेवटी आईची लेक!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भाऊजींनी तिचा लायसन्स हातात धरलेला फोटो स्कूलच्या दारावर लावला. मी रोज त्या फोटोखालून आत जायचे.

याला तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांचा तो धडा संपवून मी त्या दिवशी दहाला घरी आले, तर छबी एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती. अकराला तिची कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा.

"उठवलं का नाहीस गं मला!"

"मी सहाला बाहेर पडलेय, अलार्म काय शेजाऱ्यांसाठी लावतेस?"

"आई, भांडू नको आता. चल, मीच चालवते. सरावही होईल."

घरची गाडी जुनी, चार माणसांची. तिला ब्रेक एकच, उजवीकडे. मी डावीकडे बसले. बसताना तिने मोबाईल मांडीखाली सरकवला, तो मी बघितला. परीक्षेचा दिवस, सकाळी सकाळी रडारड नको, म्हणून गप्प बसले.

पाच मिनिटं बरी चालवली तिने. मग दर थोड्या वेळाने तिची हनुवटी खाली जायला लागली.

"काय झालं?"

"वाळूचं घड्याळ आलंय."

"कसलं घड्याळ?"

"साखळी तुटायला आली की नावापुढे वाळूचं घड्याळ येतं. काल रात्री वाचता वाचता झोप लागली मला. पाठवायचं राहिलं."

"कुणाला? त्या भांडणवालीला?"

"सातशे अठ्ठावन्न दिवस आहेत आई."

"गाडी कडेला घे आणि पाठव."

"अकराला दार लावून घेतात. आता थांबले तर चुकेल."

"मग पोहोचल्यावर पाठव."

"तोवर जाईल ती."

"मग जाऊ दे की! आग लागो तुझ्या साखळीला. समोर बघ."

तिने ओठ घट्ट मिटले आणि समोर बघायला लागली. मला वाटलं, ऐकलं.

बाजाराच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये रस्ता ओलांडायचे पट्टे आखलेले. गाडी चाळीसच्याही आतच होती. डाव्या फुटपाथवरून एक माणूस खाली उतरला. पन्नाशीचा असेल, डाव्या खांद्यावर लाकडी पेटी. त्याने आम्हाला बघितलं. उजवा हात वर करून थांबा म्हणून खूण केली आणि पट्ट्यांवरून चालू लागला. इतक्या हळू येणारी गाडी थांबणार, हे त्याने गृहीतच धरलं. त्याचं काय चुकलं?

छबीचा डावा हात स्टिअरिंगवर नव्हता. मोबाईल तिने डोळ्यांसमोर, काचेकडे रोखून धरला होता.

मी पाय दाबला. सगळा जीव एकवटून दाबला. खाली रबरी मॅट होती. मी पुन्हा दाबला.

मी ओरडले नाही. हँडब्रेक माझ्या उजव्या हाताला होता, तो ओढला नाही. स्टिअरिंगला हात घातला नाही. पहिल्या दिवशी आलेला शिकाऊही "अगं, माणूस!" म्हणून किंचाळला असता आणि तेवढ्याने कदाचित भागलं असतं. बावीस वर्षांत मला ओरडावं लागलंच नव्हतं, त्याच्या आधी माझा पाय पोहोचायचा. मी दोन वेळा मॅट दाबली आणि वाट बघितली, की गाडी थांबेल.

मग आवाज झाला आणि त्यानंतर छबीने ब्रेक मारला.

मी दार उघडून उतरले. पेटी फुटली होती. रस्ताभर चाव्या पसरल्या होत्या, शेकडो, अजून न घासलेल्या, कोऱ्या. तो चावीवाला होता. चाकाजवळ बसला होता, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, आणि त्या हाताकडे बघत होता. ओरडत नव्हता.

"माझी पेटी," तो म्हणाला.

"पेटी राहू द्या हो. उठता येतंय का? दवाखान्यात जाऊ."

"कानस आहे तिच्यात. बारीक कानस. गटारात जाईल."

छबी कधी उतरली मला कळलं नाही. गुडघ्यांवर बसून ती चाव्या गोळा करत होती. एकेक उचलत होती आणि ओंजळीत ठेवत होती. माणसं जमली. कुणीतरी मला म्हणालं, "बाई, आधी यांना न्या, पोलिसांना आम्ही कळवतो." दोघांनी चावीवाल्याला धरून मागच्या सीटवर बसवलं. मी स्टिअरिंगवर बसले. छबी माझ्या शेजारी, मांडीवर फुटकी पेटी घेऊन. वाटेत तो माणूस एकदाच बोलला. "उजवाच आहे ना हा?" त्याने विचारलं. त्याला हात कळेनासा झाला होता.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी फोन केला, तसे थोड्या वेळात भाऊजी आले, धापा टाकत. त्यांनी आधी छबीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन पावलं. छबीला सगळं ऐकू जात होतं.

"वहिनी, इथे गाडी तुम्ही चालवत आणलीत ना?"

"हो."

"सगळ्यांनी तुम्हालाच स्टिअरिंगवर बघितलंय. बस, मग तुम्हीच चालवत होतात. समजलं?"

"भाऊजी..."

"ऐका. तुमची बावीस वर्षं आहेत, एक डाग नाही. तुम्हाला दंड होईल, फार तर काही महिने लायसन्स जाईल. तुमची नोकरी मी बघतो. हिचं काय? तीन आठवड्यांचं लायसन्स, हातात मोबाईल. केस होईल, कायमची. पोरगी आहे, अजून सगळं आयुष्य पडलंय."

खोटं कशाला बोलू? त्यांनी हे म्हणण्याआधीच माझ्या मनात ते येऊन गेलं होतं. येताना स्टिअरिंगवर बसले होते ना, तेव्हाच. मी होकाराची मान हलवणार, तेवढ्यात छबी म्हणाली, "आई, तो यात आहे."

तिने मोबाईल पुढे केला. फोटो काढला गेला होता, पाठवला गेला नव्हता. काच, गाडीचं नाक आणि पलीकडे तो. खांद्यावर पेटी, उजवा हात वर केलेला. तोंड उघडं होतं, बहुतेक "थांबा" म्हणत असावा. फोटोखाली पाठवायचं बटण आणि वर ते सातशे अठ्ठावन्न आणि वाळूचं घड्याळ, अजून चालू.

"पूस ते आधी," भाऊजी म्हणाले. "आत्ता पूस. वहिनी, सांगा तिला."

छबी माझ्याकडे बघत होती. वर्षानुवर्षं तिला काही अडलं की ती अशीच बघत आली होती, आणि मी काहीतरी करत आले होते. माझा हात त्या मोबाईलकडे गेलासुद्धा. एक बोट लावलं की झालं असतं. आणि मला दिसलं, मी पुसलं तर ही मान वर करेल आणि म्हणेल, बघ, थांबवली की नाही.

मी तिच्याजवळ बसले.

"छबी, तू कधीच एकटीने गाडी चालवली नाहीस."

"म्हणजे?"

"शिकताना. तू खाली बघायचीस ना, तेव्हा ब्रेक मी दाबायचे. शेवटचे दहा धडेसुद्धा. मी पाय वर घेतलेच नाहीत."

"पण तू तर म्हणायचीस... छान थांबवलीस म्हणायचीस."

"थांबवायची मी."

"आणि परीक्षेत?"

"तेव्हासुद्धा. एकदा."

 मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मला येतच नव्हतं."

"नव्हतं."

"मला वाटायचं, खाली बघितलं तरी मला जमतं. खरंच वाटायचं आई. मला वाटायचं, माझं लक्ष असतं." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "आजही मला तसंच वाटलं."

मी तिला कुशीत घेतलं नाही. घ्यावंसं फार वाटलं, पण त्या क्षणी माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटेना.

जिन्यावरून एक बाई आली. घाईत आली होती, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. दारावरच्या पोऱ्याने आमच्याकडे बोट दाखवलं. ती सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आमच्या ह्यांना तुम्हीच आणलंत ना? दोघी होत्या म्हणाला तो." आणि तिने छबीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हल्ली कोण थांबतं गं रस्त्यात? बघून पुढे जातात लोक. तुझं भलं होवो पोरी. ह्यांची पेटीसुद्धा आणलीस!"

भाऊजी खाकरले. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, गप्प राहा म्हणून. मला फार काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, तेवढ्यानेही काम झालं असतं. छबीचा हात त्या बाईच्या हातांत होता. माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. मी जीभ दातांखाली धरली. दातांखाली धरून बसले आणि छबीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असतं. हे तिचं तिनेच करायला हवं होतं, किंवा करायला नको होतं.

 आतून कुणीतरी ट्रे आपटला.

"काकू," छबी म्हणाली, "मी आणलं नाही त्यांना. मी पाडलं."

"काय?"

"गाडी मी चालवत होते. मोबाईलमध्ये बघत होते. त्यांनी हात दाखवला होता मला. मी बघितलंच नाही."

त्या बाईने हात झटकला नाही. हळूच सोडला. माझ्याकडे बघितलं, मग परत छबीकडे.

"कुठला हात?" तिने विचारलं.

"उजवा."

"उजवाच?"

"हो काकू."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पेटी तिने ओढून जवळ घेतली आणि त्यातल्या चाव्या उगाचच सारख्या करायला लागली. ती आम्हाला शिव्या देती तर बरं झालं असतं. छबी उठून तिच्याजवळ जाऊ लागली, तशी ती मान वर न करता म्हणाली, "तिकडेच बस गं. आत्ता नको."

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. मनगट वाचलं होतं. दोन बोटं गेली होती. उरलेल्यांत पकड येईल की नाही, ते चार-सहा महिन्यांनी कळेल, असं म्हणाले. "काम काय करतात?" त्यांनी विचारलं. बाईने नुसती पेटी दाखवली.

फौजदार खालच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बसले होते. टेबल, तीन खुर्च्या, छापील फॉर्मचा गठ्ठा. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी तुम्ही चालवत होतात?"

भाऊजी दारात उभे होते. मी काही बोलले नाही.

"मी," छबी म्हणाली.

फौजदारांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "विचार करून बोल पोरी. मी एकदा लिहिलं की खोडता येत नाही."

"मीच चालवत होते. फोटो काढत होते." तिने मोबाईल टेबलावर ठेवला. मी बघितलं. फोटो तसाच होता, न पाठवलेला. वरचं वाळूचं घड्याळ गेलं होतं, ज्योत गेली होती, आकडाही गेला होता. तिनेही ते बघितलं. तिचं बोट थोडं हललं, आणि मग तिने तो हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

फौजदारांनी फोटो बराच वेळ बघितला. मग मोबाईल एका पाकिटात घालून त्यावर नंबर टाकला आणि लिहायला लागले. छबी विचारलं तेवढं सगळं सांगत होती. वेग किती, अंतर किती, ब्रेक कधी मारला.

"धडकल्यावर," तिने सांगितलं.

ते सगळं लिहून झालं, तेव्हा मी म्हटलं, "साहेब, माझंही लिहा."

"तुमचं काय?"

"हिला मी शिकवलं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, बावीस वर्षं झाली. हिच्या परीक्षेत ब्रेक मी दाबला होता, तिने नाही. ती पास व्हायला नको होती. आज सकाळी तिच्या मांडीखाली मोबाईल मी बघितला होता आणि बोलले नाही."

"वहिनी!" भाऊजी म्हणाले. मग ते निघून गेले. त्यांची पावलं जिन्यापर्यंत ऐकू आली.

फौजदारांनी फॉर्म उलटा करून बघितला, परत सुलटा केला. माणूस वाईट नव्हता.

"बाई, याला इथे रकाना नाही."

"मग कुठे लिहायचं?"

"परीक्षेचं ते लायसन्सच्या ऑफिसात. वेगळा अर्ज करा. तुमचं स्वतःचं लायसन्स जाईल, सांगून ठेवतो."

"उद्या करते."

"करा. इथे तुम्ही गाडीत शेजारी बसला होतात, एवढंच येतं."

त्यांनी कागद फिरवून आमच्यापुढे सरकवला. खाली दोन ओळी होत्या. पहिलीवर छबीने आपलं पूर्ण नाव लिहिलं, कागदावरचं नाव, सावकाश, एकेक अक्षर. मग पेन माझ्याकडे दिलं. दुसऱ्या ओळीखाली छापलं होतं, साक्षीदार.

मी सही केली.

"आई," छबी म्हणाली, "तारीख राहिली."

मी तारीख घातली.